आधी आर्थिंग, मग ॲम्प, डॅक सर्वांत शेवटी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अकोट तालुक्यातलं गाव. पुण्याच्या मित्राकडून वापरलेला सेनहायझर एचडी ६०० हेडफोन घेतला. लॅपटॉपच्या जॅकमधून आवाज अमरावतीहून आणलेल्या छोट्या असेंबल ॲम्पमध्ये (ॲम्प्लिफायरमध्ये) जातो आणि तिथून कानात. हाती तीस हजार रुपये आहेत. महागडा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा विजेतला आवाज करणारी पेटी, लावला की आवाजावरचा पडदा सरकतो, असं कुठंतरी ऐकलं, म्हणून पंचवीस हजार डॅकवर आणि उरलेले ॲम्पवर घालायचा बेत आहे. आणि अगदी शेवटी सहज म्हणून लिहिलंत, की चार्जर लावला की घूं ऐकू येतं आणि रात्री ते वाढतं.

माझं सगळं लक्ष त्या शेवटच्या ओळीवर गेलं. मी दर्यापूर तालुक्यातला. बावीस वर्षं रेडिओ, टेप आणि लग्नातले ॲम्प्लिफायर दुरुस्त केले, आता रात्री जेवणं झाली की दोन तास हेडफोनवर शास्त्रीय ऐकतो. त्यामुळे सांगतो, तुमच्या घरी आज कोणताही डॅक आणला तरी ते घूं त्यातूनही येण्याचीच शक्यता जास्त. आधी ते काढू.

तुमच्या घूंची कारणं दोन वेगळी दिसतात. चार्जर काढल्यावर, लॅपटॉप बॅटरीवर असताना आवाज थांबतो का पाहा. थांबला तर पहिलं कारण पक्कं. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये मेनच्या (बोर्डातून येणाऱ्या विजेच्या) बाजूपासून आउटपुटच्या बाजूला एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. त्यातून किंचित करंट सतत गळतो. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवर हाताची मागची बाजू हळूच फिरवली तर मुंग्या आल्यासारखं वाटतं, ते हेच. या करंटला जमिनीत जायची वाट हवी असते. तीन पिनी चार्जरमध्ये ती वाट तिसऱ्या पिनेतून मिळते. पण बोर्डातल्या तिसऱ्या भोकामागं वायरच नसेल, किंवा वायर आहे पण आर्थिंग मेलेलं असेल, तर तो करंट तुमच्या ऑडिओ केबलच्या ग्राउंडमधून ॲम्पकडे जातो आणि कानात घूं करतो.

माझ्याकडे तेच झालं होतं. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मीटर लावला, तर बोर्डावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ३८ व्होल्ट. वायरमनला बोलावून आर्थिंगच्या पाइपाजवळ खोदलं. आपली काळी माती उन्हात आकसते, भेगा पडतात हे वावरात रोज पाहतो, पण पाइपाभोवतीची माती चारी बाजूंनी बोटभर सरकलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पाइप मातीला टेकतच नव्हता. दोन फूट खाली गेलो तर आमच्या खारपाण पट्ट्यातल्या मिठानं जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खाऊन टाकलेला, हात लावला की पापडासारखा तुटत होता. वायरमन म्हणाला, "भाऊ, हे काही आर्थिंग नाही, नुसता खुंटा हाये." मग तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणला. मातीत मुळातच मीठ असल्यानं वरून मीठ घातलं नाही, नुसता कोळसा आणि ओली माती थरांनी दाबली. मीटरवर दोन व्होल्टही उरले नाहीत. आता एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत दर आठ दिवसांनी तिथं एक बादली ओततो. बोअरचं खारं पाणी प्यायच्या कामाचं नाही, ते तिथं कामी येतं. अकोटकडेही बराच भाग खारपाणातच येतो, म्हणून तुमचा पाइप खोदून पाहा. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

घूं जावं म्हणून काही जण प्लगची तिसरी पिन तोडतात. आवाज जातोही. पण उद्या आतली फेज पेटीला टेकली तर ती पेटी हातात धरणारा माणूस जातो. माझ्या टेबलावर अशा पिना तोडलेल्या पेट्या आल्या आहेत आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बसवून समजावलं आहे. तुम्हालाही तेच सांगतो, पिन तोडू नका.

आता रात्रीचं घूं. रात्री शेतीची थ्री फेज लाईन आली की एका डीपीवरचे (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे मोटरपंप एकदम चालू होतात आणि व्होल्टेज बसतं. तुमच्या असेंबल ॲम्पमध्ये बहुधा १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर आणि ७८१२, ७९१२ रेग्युलेटर (व्होल्टेज १२ वर स्थिर ठेवणाऱ्या चिप) असतील. २३० व्होल्ट असताना रेग्युलेटरच्या आधी साधारण सव्वासोळा व्होल्ट डीसी मिळतं. १२ व्होल्ट स्वच्छ द्यायला त्या रेग्युलेटरला सुमारे १४ लागतात. लाईन २०० वर आली की नेमके चौदाच उरतात. त्याच्याही खाली गेली की डीसीवरच्या लाटा रेग्युलेटरला अडवता येत नाहीत, आणि १०० हर्ट्झचा आवाज सरळ पुढं जातो. ओळखायला सोपं आहे. फोनला इअरफोन लावून ५० आणि १०० हर्ट्झचा टोन वाजवा आणि तुमचं घूं कशाशी जुळतं ते ऐका. ५० शी जुळलं तर आर्थिंगची वाट धरा. १०० शी जुळलं आणि पंपांबरोबर वाढत असलं तर पॉवर सप्लाय. उपाय काही शे रुपयांचा आहे. १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर लावा, आणि आत २५ व्होल्टचे कपॅसिटर असतील तर ३५ चे घाला, कारण पहाटे पंप बंद झाले की आपल्याकडे व्होल्टेज तेवढंच वरही जातं. रेग्युलेटर जास्त तापेल, त्याला ॲल्युमिनियमची पट्टी लावा.

हे झाल्यावर ॲम्पकडे येऊ. एचडी ६०० हा ३०० ओहमचा, म्हणजे विजेला त्याचा विरोध (इम्पीडन्स) एवढा. कंपनीच्या तक्त्यात १ व्होल्टला ९७ डेसिबल दिलेत. लॅपटॉपच्या जॅकमधून साधारण तेवढाच एक व्होल्ट निघतो. ९७ ऐकायला भरपूर वाटतं, पण तो शिखराचा आवाज झाला. शास्त्रीय गायनात सरासरी आवाज शिखराच्या वीसेक डेसिबल खाली चालतो, आलाप तर त्याहून खाली. म्हणून हेडफोन थेट जॅकला लावून ख्याल ऐकताना दबल्यासारखं वाटतं. शिखराला ११० डेसिबल हवेत असं धरलं तर साडेचार व्होल्ट लागतात. ३०० ओहमवर ती पॉवर होते ६७ मिलिवॅट. लक्षात घ्या, वॅट नव्हे, मिलिवॅट. या हेडफोनला व्होल्ट लागतात, करंट फारसा लागत नाही. 'दोन वॅट, बत्तीस ओहमवर' अशी जाहिरात असलेला ॲम्प घ्याल तर त्यातलं तुमच्या कामाचं थोडंच. तक्त्यात ३०० ओहमचा आकडा शोधा. तिथं १०० मिलिवॅट असले तरी तुम्हाला पुरून उरतात.

मी स्वतः ओ२ नावाचा ॲम्प वापरतो. २०११ साली एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाच्या इंजिनिअरनं त्याचं सर्किट मापांसकट सगळ्यांसाठी खुलं केलं आणि पुढच्याच वर्षी तो माणूस लिहायचाच थांबला. तो कोण होता हे कधी पुढं आलं नाही, पण त्यानं मापं घेऊन बोलायची शिस्त लावली आणि मी त्याचा ऋणी आहे. आत एनजेएम २०६८ आणि एनजेएम ४५५६, दोन्ही साधे आयसी. मी घरीच सोल्डर केला. आपल्याकडे त्याचा मोठा फायदा असा, की तो दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरही चालतो. लाईन गेली तरी गाणं चालू, आणि बॅटरीवर मेनच्या घूंचा प्रश्नच येत नाही. एक खोच मात्र आहे. त्यात गेनचा भाग (आलेला आवाज ठरावीक पट वाढवणारा) व्हॉल्यूमच्या आधी येतो. गेन साडेसहा पट ठेवून दोन व्होल्टचा डॅक जोडला की तेरा व्होल्ट मागितले जातात, आणि ॲडॉप्टरवर तो ॲम्प सातच्या आसपासच देऊ शकतो. आवाज फाटतो, व्हॉल्यूम कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो. लोक मग डॅकला दोष देतात. गेन अडीच पट ठेवा. दोन गुणिले अडीच पाच व्होल्ट, आणि आपल्याला साडेचारच हवे होते.

जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरचा हेडफोन जॅक वापरू का, असंही तुम्ही विचारलंत. त्या जॅकच्या मागं बहुतेक वेळा स्पीकरच्या लाईनवरून २२० ते ४७० ओहमचा रेझिस्टर घालून आवाज आणलेला असतो. एचडी ६०० चा इम्पीडन्स खालच्या स्वरांत ३०० वरून बराच चढतो, त्यामुळे एवढ्या रेझिस्टरमागं त्याचा बेस फुगतो. तबल्याचा डग्गा गोड लागेल, पण तो रेझिस्टरचा गोडवा. साधा नियम हा, की ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा. तुमच्यासाठी ३७ ओहमच्या आत.

राहिला डॅक. सीडीचं १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ हे माप १९८२ पासून बाजारात आहे. त्यात ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. रात्री पंखा आणि बाहेरचे रातकिडे यांच्यात तो सगळा पल्ला आपल्या खोलीत वापरलाही जात नाही. ॲपलचं ते छोटं यूएसबी-सी ते हेडफोन डोंगल, तोही एक डॅकच, मोजमापात अनेक टेबलावरच्या पेट्यांच्या तोडीचं उतरतं. काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फार कमी येतो, लॅपटॉपवर मात्र नीट चालतं.

मी हे कान लावून तपासलं आहे. एक महागडा डॅक आठ दिवसांसाठी मागून आणला. माझा नेहमीचा डॅक दोन व्होल्टचा, तो २.४ चा. दोन्ही पेट्यांवर टॉवेल टाकला, पुतण्या वायर बदलत होता, मी भिंतीकडे तोंड करून ओळखत होतो. वीसपैकी सतरा वेळा महागडा बरोबर ओळखला. तानपुऱ्याची जवारी मोकळी वाटत होती, श्वास ऐकू येत होता. मी घेणारच होतो. मग व्होल्टेजचा फरक ध्यानात आला, तो दीड डेसिबलच्या वर होता. मीटर एसी व्होल्टवर लावून, १०० हर्ट्झचा टोन वाजवून दोन्हींचा आवाज एक टक्क्याच्या आत जुळवला आणि पुन्हा बसलो. वीसपैकी अकरा. तोच तानपुरा, तोच माणूस, आणि फरक ऐकू येईना. जरा मोठा आवाज कानाला नेहमी 'स्वच्छ' वाटतो, मोठा असं वाटतच नाही. दुकानात दोन पेट्या लावून दाखवतात तेव्हा हे आधी विचारा. २००७ साली अमेरिकेतल्या मेयर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये अशाच आंधळ्या चाचण्या छापल्या. एसएसीडीचा (सीडीहून बारीक मापाच्या डिस्कचा) आवाज मध्येच सीडीच्या मापातून नेला तरी ऐकणाऱ्यांना कळला नाही.

चिपच्या नावांवरही फार जाऊ नका. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथं डॅकच्या चिप बनवणाऱ्या एकेएम कंपनीचा कारखाना जळला. मग फिओ के५ प्रोसारख्या डॅकच्या पेट्यांत एकेएमच्या जागी ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप आली, आणि पेटीचं काम तेच राहिलं.

डॅक बदलण्यात अर्थ कधी आहे? लॅपटॉपच्या जॅकमधून माऊस हलवला की किरकिर येत असेल तर. दूर टीव्हीला जोडायचं असेल तर ऑप्टिकल इनपुट असलेला घ्या. त्या वायरीतून फक्त उजेड जातो, ग्राउंड जात नाही, म्हणून घूं जागीच तुटतं.

आणि तो पडदा. तुमचा हेडफोन वापरलेला आहे ना? कानावरच्या गाद्या दाबून पाहा. एचडी ६०० च्या गाद्या वर्षांनी चपट्या होतात, कान आतल्या फोमला टेकतो आणि वरचे स्वर बदलतात. माझ्याकडे आलेल्या एका जोडीत आतल्या फोमचा भुगा झाला होता. गाद्या आणि फोम बदलला आणि त्या गृहस्थांनी डॅक घ्यायचा विचारच सोडला. गाद्या बदलून जेवढा फरक पडतो तेवढा मी आजवर कोणत्याही डॅकनं पडलेला ऐकला नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जुनी ध्वनिमुद्रणं तुम्ही ऐकता असं लिहिलंत, मीही ऐकतो. ती १९६८ च्या आधीची आहेत. खंजिरीचा वरचा झणत्कार तिथं टेपवर उतरलाच नसेल तर कोणता डॅक तो कुठून आणणार? त्यासाठी पैसे मोडू नका. पण आवाज स्थिर आणि पाठीमागं घूं नसेल तर त्यांचा खडा सूर अंगावर येतो, आणि ते काम आर्थिंग आणि चांगला ॲम्प करतात.

म्हणून माझा क्रम असा. आधी आर्थिंग, मग गाद्या. मग ३०० ओहमवर १०० मिलिवॅट देणारा साधा ॲम्प, आणि सोबत डोंगल. तीस हजारांतले निम्म्याहून जास्त उरतील.

आज रात्री आठनंतर, पंप चालू असताना, मीटर बोर्डाला लावा. फेज-न्यूट्रल किती, न्यूट्रल-अर्थ किती, आणि घूं ५० शी जुळतं की १०० शी, एवढं लिहा. मीटरची तार नीट धरून, चपला घालून. ॲम्पचं झाकण उघडता येत असेल तर प्लग काढून ट्रान्सफॉर्मरवरचे आकडे पण टाका, म्हणजे रेग्युलेटर कुठं कमी पडतो ते बघून सांगतो.