जावयाचे पूर्वज लडलोचे आहेत. इंग्लंडच्या दौऱ्यात तिथे जावे का?

तुमच्या जावयांचे घराणे मूळचे श्रॉपशरमधील लडलोचे असून तिथे एक दिवस काढावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या सुनेचे आजोळ त्याच गावचे असल्यामुळे मी व्याह्यांबरोबर तिथे जाऊन आलो आहे. माझ्या मते अवश्य जावे. मात्र निघण्यापूर्वी घरबसल्या थोडा शोध घ्यावा. इंग्लंडच्या १८५१ च्या जनगणनेत माणसाचे नाव, वय, व्यवसाय, जन्मगाव आणि बहुधा रस्त्याचे नावही सापडते, आणि या नोंदी इंटरनेटवर पाहता येतात.

व्याह्यांचे पूर्वज हातमोजे शिवत आणि लोअर ब्रॉड स्ट्रीटवर राहत, एवढे आम्हाला त्यातूनच समजले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हातमोजे हा लडलोतील मोठा धंदा होता, पण १८२६ मध्ये परदेशी हातमोज्यांच्या आयातीवरील बंदी उठल्यावर तो टिकला नाही. ब्रॉड स्ट्रीट टेकडीवरून टीम नदीकडे उतरतो. वरच्या अंगाला श्रीमंतांची विटांची प्रशस्त घरे आहेत, मध्ये जुन्या तटबंदीची वेस आहे आणि तिच्यावर चक्क एक राहते घर चढवलेले आहे. वेशीबाहेर पुलापर्यंत कष्टकऱ्यांची बुटकी घरे सुरू होतात. पूर्वज वेशीच्या कोणत्या बाजूला राहत होते, हे ठाऊक असेल तर ही दहा मिनिटांची उतरण घराण्याची परिस्थिती बरीच सांगून जाते.

सेंट लॉरेन्स चर्च भव्य आहे, परंतु गरीब कुटुंबांच्या कबरींवर बहुधा दगड बसवले जात नसत, म्हणून आडनाव कोरलेले सापडेल अशी फार आशा धरू नये. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या जुन्या नोंदवह्यांसाठी श्रूजबरी येथील जिल्हा अभिलेखागारात जावे लागते.

किल्ला मात्र चुकवू नये. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर १५०२ मध्ये येथेच वारला, आणि त्यामुळेच हेन्रीकडे गादी आली. मराठी माणसाला आणखी एक धागा जवळचा वाटेल: हा किल्ला १८११ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाने, म्हणजे पोविसच्या अर्लने, विकत घेतला. हाच रॉबर्ट क्लाइव्ह १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून आलेल्या इंग्रजी फौजेत होता. जावयांना हे अवश्य सांगा. आमच्या व्याह्यांना त्याची गंमत वाटली.

किल्ल्यासमोरच्या चौकात सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार या दिवशी बाजार भरतो, तेव्हा यांपैकीच एखादा दिवस निवडावा. लंडनहून एका दिवसात जाऊन परतणे दगदगीचे आहे, त्यामुळे एक रात्र मुक्काम करावा. श्रूजबरी तिथून रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर असल्याने दुसऱ्या दिवशी अभिलेखागाराचे कामही उरकते. फक्त ते कोणत्या दिवशी उघडे असते, याची आधी चौकशी करावी.