रोझमेरीला मराठीत काय म्हणतात आणि ती कशाकशासाठी वापरतात?

रोझमेरीला मराठीत रोझमेरीच म्हणतात. नर्सरीत किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मागता यावं म्हणून तुम्ही जुनं मराठी नाव विचारलंय, पण तसं रूढ नाव नाही, कारण हे झुडूप मुळात आपल्याकडचं नाही. ते भूमध्य समुद्राच्या काठचं. स्पेन, इटली, ग्रीस, मोरोक्को इथल्या कोरड्या, खडकाळ उतारांवर आपोआप उगवतं. लॅटिन नावाचा अर्थही साधारण ‘समुद्राचं दव’ असा सांगतात. भारतात त्याची लागवड होते ती मुख्यतः निलगिरीच्या थंड डोंगरांत.

नाव शोधताना एक सांभाळा. हिंदी संकेतस्थळांवर रोझमेरीला सर्रास ‘गुलमेहंदी’ म्हटलेलं असतं. पण बियाणांच्या पाकिटावर गुलमेहंदी लिहिलं असेल, तर आत बहुधा तेरड्याचं बी निघेल. तोच तेरडा, ज्याच्या आपण गौरी आणतो. या दोन झाडांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. त्यामुळे दुकानात सरळ ‘रोझमेरी’ मागा आणि पान बघून घ्या.

पान ओळखणं अवघड नाही. सुईसारखं अरुंद आणि जाडसर, वरून गडद हिरवं, कडा खाली वळलेल्या. उलटं केलं की मधोमध पांढुरकी, मखमली लव दिसते. चुरगाळलं तर बोटं किंचित चिकट होतात आणि कापूर व नीलगिरीच्या तेलाची आठवण करून देणारा वास येतो. हा भास नाही. नीलगिरीच्या तेलातलं सिनिओल आणि कापूर हे दोन्ही घटक रोझमेरीच्या तेलात खरोखरच असतात. कूळ मात्र तुळस, पुदिना, सब्जा यांचंच.

तेलाच्या बाटलीवरच्या शास्त्रीय नावानेही गोंधळ होतो. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दिलेलं नाव रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस. पुढे डीएनएच्या अभ्यासातून ती साल्व्हिया या मोठ्या गटातच मोडते असं दिसलं आणि 2017 पासून साल्व्हिया रोझमॅरिनस हे नाव वापरात आलं. दोन्ही लेबलं एकाच झाडाची आहेत.

आता उपयोग. माझ्या मते रोझमेरीची खरी जागा स्वयंपाकघरात आहे, आणि केसांना तिचं तेल लावण्याच्या गडबडीत आपल्याकडे नेमकं तेच मागे पडलंय. आपण कोथिंबीर शेवटी भुरभुरतो. रोझमेरीचं उलटं. तिचं पान चिवट आणि तेलकट असल्यामुळे ती सुरुवातीलाच गरम तेलात किंवा लोण्यात पडायला हवी, म्हणजे वास तेलात उतरतो आणि तेल तो सगळ्या पदार्थाला लावतं. वरून कच्ची पेरलीत तर दातांत काड्या येतील आणि औषध खाल्ल्यासारखं वाटेल.

सुरुवात बटाट्यांपासून करा. बटाटे सालासकट अर्धवट उकडा, फोडी करून जरा हलवा म्हणजे कडा खरबरीत होतील. जाड बुडाच्या कढईत तेल तापवून त्यात ठेचलेला लसूण आणि रोझमेरीची पानं टाका. लसूण गुलाबी होताच दोन्ही काढून बाजूला ठेवा, नाहीतर करपून कडू होतात. त्याच तेलात फोडी मंद आचेवर खरपूस होऊ द्या, शेवटी जाडं मीठ आणि काढून ठेवलेला लसूण-पाला घाला. पानं काढायची ती काडीचा शेंडा धरून, बोटं उलट्या दिशेने खाली ओढून, एका झटक्यात निघतात. चार माणसांच्या भाजीला एक काडी पुरे. वाळलेली असेल तर ताज्याच्या तिसरा हिस्सा घ्या आणि खलबत्त्यात कुटूनच घाला.

आपल्या जिभेला सगळ्यात जवळचा पदार्थ म्हणजे इटलीतल्या जिनोव्हाच्या बाजूची फरिनाता. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस. पीठ काही तास भिजवून पसरट तांब्याच्या परातीत ओततात आणि कडक तापलेल्या भट्टीत भाजतात, पुष्कळदा वरून रोझमेरी घालून. बेसनाचं धिरडं करताना तव्यावरच्या तेलात थोडी बारीक चिरलेली रोझमेरी घालून बघा, हरभऱ्याच्या पिठाशी तिचं फार छान जमतं.

केसांबद्दल तुम्ही खास विचारलंय, म्हणून स्पष्ट सांगते. ज्या अभ्यासाचा दाखला सगळे देतात तो 2015 चा. अनुवंशिक टक्कल असलेल्या 100 जणांपैकी निम्म्यांना रोझमेरीचं तेल आणि निम्म्यांना 2 टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे टाळूला लावायचं केस वाढवण्याचं औषध, दिलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या थोडी वाढली, तीन महिन्यांपर्यंत मात्र फरक नव्हता. काहीच न लावणारा तिसरा गट नव्हता आणि मिनॉक्सिडिलही सौम्य होतं, म्हणून यावरून फार मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. थायरॉइड, लोहाची कमतरता, बाळंतपण यामुळे केस गळत असतील तर त्यावर हा उपाय नव्हे. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तरीही लावायचं असेल तर बाजारातलं अर्क-तेल (इसेन्शियल ऑइल) थेट टाळूला कधीच लावू नका, आग होते. एक मोठा चमचा खोबरेल तेलात चार-पाच थेंब पुरेत, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा. हे तेल पोटात घ्यायचं नाही. गरोदरपणात, फिट येण्याचा त्रास असेल तर आणि लहान मुलांना ते वापरू नका. ‘रोझमेरी वॉटर’चे व्हिडिओ खूप फिरतात, पण वरचा अभ्यास तेलावर झाला होता, उकळलेल्या पाण्यावर नाही. आणि ताज्या काड्या तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवण्याची जी पद्धत दाखवतात ती खाण्याच्या तेलासाठी धोक्याची आहे. अशा तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात. फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

युरोपात रोझमेरी फार पूर्वीपासून आठवणीचं प्रतीक आहे. सिडनी-मेलबर्नला राहणाऱ्या मराठी मंडळींनी 25 एप्रिलला, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मरणाच्या अ‍ॅन्झॅक दिनी, लोकांच्या कोटावर तिची डहाळी पाहिली असेल. 1915 मध्ये तुर्कस्तानातल्या ज्या गॅलिपोलीत ते सैनिक लढले, तिथे ती रानात उगवते.

घरी लावणार असाल तर बी आणू नका, उगवायला फार वेळ लागतो आणि बरंचसं उगवतच नाही. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शेंड्याची बोटभर कोवळी काडी खालची पानं काढून ओलसर वाळूत खोचा, महिना-दीड महिन्यात मुळं धरते. मातीची कुंडी, मातीत भरपूर जाड वाळू, दिवसभर ऊन. वरची दोन बोटं माती कोरडी झाल्यावरच पाणी. आपल्याकडे हे झाड उन्हाळ्यात नव्हे, जुलैत मरतं, कारण मुळं कुजतात. त्यामुळे पहिल्या पावसाआधीच कुंडी वळचणीखाली न्या, जिथे सर येणार नाही पण वारा आणि उजेड मिळेल. कोकणात दमटपणामुळे जास्त जपावं लागतं, पुण्या-नाशकाला बरं चालतं. छाटताना हिरव्या भागातच कापा. जुन्या, पानं झडलेल्या लाकडाला सहसा पुन्हा फुटवा येत नाही.