देवराई राखणं म्हणजे ‘डीप इकॉलॉजी’च का?

सरसकट नाही. नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी १९७३ साली मांडलेला हा विचार सांगतो, की झाडाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचं मूल्य आहे. देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, मालकी देवाची असते. कुऱ्हाड लावली तर कोप होईल, म्हणून झाड वाचतं.

फरक पुस्तकी वाटेल, पण जीर्णोद्धार निघाला की तोच नडतो. रानातल्या उघड्या तांदळ्यावर (देव म्हणून पुजलेल्या अनघड दगडावर) स्लॅबचं देऊळ चढतं, पुढे सभामंडप, मग गाडीरस्ता. पावित्र्य रानातून गाभाऱ्यात सरकतं आणि खर्चासाठी देवाला कौल लावून जुनी झाडंच विकली जातात. त्याहून फसवी ती ‘साफसफाई’: पालापाचोळा झाडला, गारंबीच्या वेली तोडल्या, की खाली रोपं धरत नाहीत आणि राईची बाग होते.

दुसरीकडे, माणसाला जंगलाबाहेर काढणाऱ्या डीप इकॉलॉजीवर इतिहासकार रामचंद्र गुहांनी १९८९ मध्ये टीका केली, ती मला पटते. झऱ्याचं पाणी, औषधी मुळ्या नेण्याची मुभा बऱ्याच देवरायांत असते. नियम गावागणिक वेगळे.

देऊळ दुरुस्त करायचंच असेल तर जुन्या जोत्याबाहेर जाऊ नका, फरशीऐवजी पायवाट ठेवा आणि पडलेलं खोड जागीच कुजू द्या.