‘मला बाकीच्यांसारखं व्हायचंय’: अतिहुशार मुलांच्या पालकांचे प्रश्न

शाळा सुरू होऊन महिना-दोन महिने झाले की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो. मूल हुशार आहे, वर्गाच्या पुढे आहे, तरी चिडतं, रडतं, ‘मला हे नको’ म्हणतं. पालकांना वाटतं संगत बिघडली, किंवा मोबाइलचा नाद लागला. तेवीस वर्षं मी मुलांसोबत काम करते आहे आणि तोच गोंधळ दरवर्षी जवळपास त्याच शब्दांत समोर येतो. म्हणून या वेळी अशी पत्रं एकत्र घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माझ्या साडेपाच वर्षांच्या मुलाचा बुद्ध्यांक मोबाइलवरच्या चाचणीत १५२ आला. तो ‘गिफ्टेड’ समजायचा का? (एक वडील, नाशिक)

मोबाइलवरचा आकडा विसरून जा.

बुद्धिमापन प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ मुलाला समोर बसवून करतात. आपल्याकडे त्यासाठी बिने-कामत किंवा वेक्सलरची चाचणी वापरतात. सरासरी १०० असते आणि १३० च्या वर साधारण शंभरात दोन मुलं असतात. इतक्या लहान वयातला आकडा पुढे बदलूही शकतो. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये अशी पहिली चाचणी तयार केली ती शाळेत ज्यांना मदत लागेल अशी मुलं शोधायला. तुमच्या मुलाला कसली मदत हवी आहे, हे पत्रात कुठेच नाही. ते आधी ठरवा, मग तज्ज्ञांकडे जा.

आमच्या भागात एक संस्था बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगते आणि ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ करून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवते. फी २५ हजार आहे. शेजारच्या मुलाला खूप फरक पडला म्हणतात. (एक आई, छत्रपती संभाजीनगर)

एक रुपयाही देऊ नका. बोटांच्या ठशांवरून बुद्धी किंवा कल कळतो याला शास्त्रीय आधार नाही. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही हे जाहीरपणे सांगितलं आहे. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू, तो जन्मल्यापासून चालूच असतो. डोळ्यांची हालचाल, आवाजाच्या दिशेने मान वळवणं अशी कामं तो करतो. त्याला ‘चालू’ करायला कोणी लागत नाही. पट्टी बांधल्यावर नाकाच्या कडेला फट राहते आणि तिच्यातून खालचं दिसतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हे कितीदा तरी उघडं पाडलं आहे.

पैसे गेले तर परत मिळवता येतात. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आपण फटीतून बघतोय हे मुलाला माहीत असतं, आणि समोर आई-बाबा टाळ्या वाजवत असतात. सात-आठ वर्षांच्या मुलाने हे खोटं एकट्याने सांभाळायचं. असं करणाऱ्या एका मुलाने मला खरं सांगितलं. त्याआधी तो उठला, दार नीट लागलंय का ते पाहिलं आणि मग कुजबुजला, ‘खालून दिसतं.’

हुशार मुलाला रोज किती वेळ खेळू द्यावं? (एक आजोबा, सातारा)

इतर मुलांइतकाच. निदान एक तास, घाम येईपर्यंत, आणि कोणीही न शिकवता.

मुलगा तिसरीत आहे, पण पाचवीचा अभ्यास सहज करतो. एक वर्ग पुढे बसवावं का? घरातले घाबरलेत. सिडिस नावाच्या अमेरिकन मुलाचा बुद्ध्यांक ३०० होता, त्याला लवकर कॉलेजात घातलं आणि तो वेडा झाला, असा मेसेज सगळीकडे फिरतोय. (एक आई, ठाणे)

आधी त्या मेसेजबद्दल. विल्यम जेम्स सिडिस १८९८ मध्ये जन्मला आणि १९०९ मध्ये, अकराव्या वर्षी, हार्वर्डमध्ये शिकायला लागला. एवढं खरं. ३०० हा आकडा मात्र कोणत्याही उपलब्ध चाचणीतून आलेला नाही. तो वेडाही झाला नाही. मोठेपणी त्याने साध्या कारकुनी नोकऱ्या केल्या, ट्रामची तिकिटं जमवली, त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्याला चारचौघांसारखं, कोणाच्या नजरेत न येता जगायचं होतं. १९३७ मध्ये एका नामांकित साप्ताहिकाने त्याला शोधून काढलं आणि ‘तो बालबुद्धिमान आता काय करतो’ म्हणून लेख छापला. त्याने कोर्टात दाद मागितली. १९४० मध्ये निकाल विरोधात गेला, चार वर्षांनी तो वारला. त्या गोष्टीतून भ्यायचं असेल तर लवकर कॉलेजात जाण्याला भिऊ नका. वडील स्वतः मानसशास्त्रज्ञ असून त्यांनी मुलाला जगापुढे ठेवलं आणि वर्तमानपत्रांनी त्याला कधी सोडलं नाही, त्याला भ्या.

आता तुमचा मुलगा. तयारी असलेल्या मुलाला एक वर्ग पुढे नेल्याने अभ्यासात नुकसान होत नाही, असं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. पण अभ्यासाची तयारी ही एक बाजू झाली. मोठ्या मुलांत तो रमतो का, हरला तर कसा वागतो, डबा खायला त्याच्याशेजारी कोण बसतं, आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःला जायचंय का? मधला मार्गही असतो. वर्ग तिसरीचाच, गणित तेवढं पाचवीबरोबर. मुख्याध्यापकांना लेखी विचारा आणि निर्णयाआधी बालमानसतज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घ्या.

मुलगी दहा वर्षांची. सातवी-आठवीची गणितं तोंडी सोडवते. ॲबॅकस, बुद्धिबळ, दोन ऑलिम्पियाड आणि स्कॉलरशिपचा क्लास चालू आहे. दिवाळीपासून सोप्या गणितांत चुका करते. परवा रडत म्हणाली, ‘मला नॉर्मल मुलगी व्हायचंय, मला खाली खेळायला जायचंय.’ सासरे म्हणतात, लाड करायचं हे वय नाही, अशी बुद्धी सगळ्यांना मिळत नाही. परीक्षा होईपर्यंत थांबू, मग बघू, असं आम्ही ठरवलंय. बरोबर ना? (एक आई, कोल्हापूर)

नाही, ताई. परीक्षेपर्यंत थांबू नका. आज मला सगळ्यात जास्त याच पत्रावर लिहायचं आहे.

तुमची लेक चुका करत नाहीये. बहुधा ती चुका लिहिते आहे. नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे यायची. एकदा तिच्यासोबत तिची मावसबहीण आली होती. मी दोघींना दहा गणितांचा एकच कागद दिला. हिला ती सगळी मनातल्या मनात येत होती, पण पेन्सिल कागदावर टेकवून ती बहिणीच्या हाताकडे बघत बसली. बहिणीने चौथं लिहिलं की ही चौथं लिहायची. सहाव्याला हिने ४८ लिहिलं. मग बहिणीचा कागद पाहिला, खोडरबर घेतला आणि ४६ केलं. खोडल्याचा चुरा फुंकून टाकला, बोटाने उरलेलाही पुसला. बहीण बाहेर गेल्यावर मी विचारलं, असं का केलंस? म्हणाली, ‘माझं बरोबर आलं की ती मग माझ्याशी बोलत नाही.’

नऊ वर्षांच्या मुलीने हिशेब मांडला होता. दोन मार्क दिले की बहीण मिळते. तो तिच्या दृष्टीने चुकीचाही नव्हता.

न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनी अशा मुलांना वर्षानुवर्षं जवळून पाहिलं. त्यांचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९४२ मध्ये आलं. साधारण १२५ ते १५५ बुद्ध्यांकाची मुलं समवयस्कांत बऱ्यापैकी मिसळतात, पण त्याच्याही फार पुढच्या मुलांना बरोबरीचं कोणी सापडत नाही, असं त्यांना दिसलं. मूल गणितात चौदाचं, लिहिण्यात दहाचं आणि रडण्यात सातचं असू शकतं. आपण चौदा वर्षांच्या मुलीला समजवायला जातो आणि समोर सात वर्षांची रडत असते.

मग ती खाली खेळायला का मागते? तुम्ही दिलेली यादी पुन्हा वाचा. ॲबॅकस, बुद्धिबळ, ऑलिम्पियाड, स्कॉलरशिप. प्रत्येक ठिकाणी एक मोठं माणूस उभं आहे, नंबर आहे, प्रमाणपत्र आहे. ती जिथे वाईट खेळली तरी चालेल अशी एकही जागा तिच्या आठवड्यात नाही. डबा ऐसपैस खेळताना तिच्यावर राज्य येईल, ती चिडेल, ‘रडीचा डाव’ म्हणून कोणी ओरडेल आणि पाच मिनिटांत सगळ्या पुन्हा पळायला लागतील. हरण्याची ही सवय तुमच्या मुलीला झालेलीच नाही. जी गोष्ट हाती घेतली ती पहिल्या झटक्यात आली, अशा मुलांचं हेच दुखणं असतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी पहिल्यांदा काहीतरी जमत नाही, तेव्हा ती कोसळतात. अशी मुलं मी पाहिली आहेत, त्यांचे आई-वडीलही ‘परीक्षा होऊ दे’ म्हणत थांबले होते. दहावीनंतर बघू, बारावीनंतर बघू.

त्या दोन ऑलिम्पियाडबद्दलही सांगते. देशातली खरी विज्ञान-गणित ऑलिम्पियाड स्पर्धा मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून होते आणि ती हायस्कूल-कॉलेजच्या मुलांसाठी असते. पहिलीपासून शाळेत फॉर्म वाटून, शाळेतच पदकं देणाऱ्या परीक्षा खासगी आहेत. त्या सोडल्याने काहीही बुडत नाही.

या आठवड्यातच तिच्यासमोर यादी ठेवा आणि ‘यातलं तुला काय ठेवायचंय?’ असं विचारा. ‘सगळं सोडायचंय का?’ असं विचारू नका. त्या प्रश्नात धमकी आहे आणि ती तिला कळते. बहुतेक मुली एक-दोन गोष्टी ठेवतात आणि त्या आवडीने करतात. संध्याकाळी पाच ते साडेसहा ती खाली जाईल. आल्यावर ‘खेळून झालं ना, आता बस’ नको. पाहुण्यांपुढे मोठे गुणाकार विचारणं आजपासून बंद. आणि तिच्या डोक्याच्या वेगाचं एखादं मूल शोधा, मग ते दोन वर्षांनी मोठं असलं तरी चालेल. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून प्रज्ञावान मुलांसाठी काम करते आहे. चाचणीसाठी किंवा सल्ल्यासाठी त्यांना विचारा. घरी मैत्रीण येऊ लागली, की तिच्यासमोर मुलीचे मार्क काढू नका.

सासऱ्यांना माझ्या वतीने एवढं सांगा की तिची बुद्धी कुठे जात नाही, ती आता लपते आहे. फार काळ लपवावी लागली तर मात्र लपवायची सवय राहते, आणि मुलींत ती जास्त राहते, कारण ‘शहाणी’ म्हणून टोमणे त्यांनाच जास्त बसतात.

शाळेच्या समुपदेशकांना या आठवड्यात भेटा. सकाळी पोट दुखणं, जेवण तुटणं, झोप उडणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर बालरोगतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. ‘मी नसले तर बरं’ अशा अर्थाचं एक वाक्य जरी आलं, तर त्याच दिवशी. रात्र असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

मुलगा आठ वर्षांचा. कृष्णविवरावर तासभर बोलतो, पण वहीत चार ओळी लिहायला रडतो. बाई म्हणतात आळशी आहे. (एक आई, अकोला)

हे ऐकून घेऊ नका. तल्लख बुद्धी आणि लेखनाची अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही लिहिणं जड जाणं, एकाच मुलात असू शकते, आणि एकीमुळे दुसरी झाकली जाते. आधी डोळे आणि कान तपासा, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी. मोठ्या सरकारी रुग्णालयांत तिची सोय असते. तोवर त्याला तोंडी उत्तरं देऊ द्यावीत, असं बाईंना लेखी कळवा.

मुलगा नऊ वर्षांचा, फार सुंदर गातो. टीव्हीवरच्या स्पर्धेसाठी गुरुजी एक वर्ष शाळा सोडायला सांगतात. कुमार गंधर्वही लहानपणीच गाजले होते ना? पण हल्ली हा तंबोरा लावला की बाथरूममध्ये जाऊन बसतो. (एक वडील, मिरज)

गाजले होते. पण पुढची गोष्टही सांगा. मैफली गाजवणारा तो मुलगा अकराव्या-बाराव्या वर्षी मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला बसला. नकलेतून आलेलं गाणं बाजूला ठेवून शिकायला त्याला वर्षं मिळाली.

शाळा सोडायची नाही. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांत बालकलाकारांसाठी अटी आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, शाळा बुडता कामा नये, आणि कमाईतला किमान २० टक्के हिस्सा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवा. कोणी करार पुढे केला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आवाज दोन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

बाथरूमचं काय ते तुम्हीच लिहिलंय. एक महिना गाणं त्याच्यावर सोडून बघा आणि गुरुजींना तसं स्पष्ट सांगा.

मी १२ वर्षांचा आहे. मला सगळे ‘आइन्स्टाइन’ म्हणतात. मला क्रिकेट खेळायला घेत नाहीत. मला क्लास सोडायचाय, पण आईने खूप पैसे भरलेत. रात्री झोप लागत नाही. आईला कसं सांगू?

बाळा, तू पत्र लिहिलंस हे फार चांगलं केलंस. तोंडाने सांगताना रडू येत असेल तर आईलाही असंच लिहून दे. पैशांचा हिशेब मोठ्यांचा असतो, तो तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. नाव आवडत नसेल तर ‘मला माझ्या नावाने हाक मारा’ असं म्हणायचा तुला हक्क आहे. क्रिकेटसाठी अख्ख्या टीमला विचारू नकोस, त्यातल्या एकाला विचार, आणि पहिले काही दिवस फील्डिंगच मिळाली तरी जा.

झोपेचं मात्र आजच सांग. चिठ्ठीत क्लासच्या आधी तेच लिही आणि हा कागदही आईला दाखव, म्हणजे ती तुला डॉक्टरांकडे घेऊन जाईल. घरी कोणालाच सांगता येत नसेल तर १०९८ वर फोन कर. तो मुलांसाठीच असतो आणि त्याचे पैसे लागत नाहीत.