मेळाव्यानंतरचा सोमवार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या उपनगरात पाच गृहसंकुले आणि त्यांना लागून एक जुनी वस्ती आहे. गेल्या वर्षी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने नागरिक सेवा मेळावा भरवला. आरोग्य खाते, टपाल कार्यालय, बँका, पोलीस, महिला बचत गट, रक्तपेढी, योगवर्ग अशी २२ टेबले मांडली होती. सुमारे ७०० माणसे येऊन गेली, वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आले आणि सभासद खूश झाले. सहा महिन्यांनी सहज विचारपूस केली, तेव्हा मात्र त्या मेळाव्यामुळे अमुक एकाचे काम झाले असे कोणालाही सांगता आले नाही. यंदा मेळावा पुन्हा भरवावा की तो खर्च वाचवावा, यावर कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. आपले मत काय?
– सचिव, एक ज्येष्ठ नागरिक संघ

उत्तर : मेळावा भरवावा, पण २२ टेबलांचा हट्ट सोडावा. आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट ७०० हा आकडा नसून सहा महिन्यांनी आपण केलेली विचारपूस ही आहे, कारण बहुतेक आयोजक तेवढेही करत नाहीत. मंडप उतरला, खुर्च्या परत गेल्या आणि आभाराची पत्रे रवाना झाली की त्यांच्या लेखी कार्यक्रम संपतो. ज्या माणसाचा अर्ज अडलेला असतो, त्याच्या दृष्टीने खरे काम सोमवारी सकाळी कार्यालय उघडल्यावर सुरू व्हायचे असते.

मेळाव्यात टेबले दोन प्रकारची असतात. काहींवर पत्रके मिळतात, तर काहींवर काम होते. पत्रकाच्या टेबलावर माणूस क्षणभर थांबतो, कागद पिशवीत टाकतो आणि पुढे सरकतो. कामाच्या टेबलावर तो अर्धा तास बसतो, कागद दाखवतो, अंगठा देतो आणि जाताना अर्जाचा क्रमांक लिहिलेली पोच घेऊन जातो. निमंत्रण देताना 'आपल्या विभागाची माहिती द्यायला या' असे लिहिले, तर विभाग पत्रकांचा गठ्ठा आणि एक कंटाळलेला कर्मचारी पाठवतो. त्याऐवजी 'आमच्याकडे अमुक कामाचे ४० अर्ज तयार आहेत, ते स्वीकारण्याचा अधिकार असलेली व्यक्ती पाठवावी' असे लिहून पाहा. अशा पत्राला उत्तर मिळण्याची शक्यताही अधिक असते, कारण कार्यालयालाही आपले उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे दाखवायचे असते.

यासाठी मेळाव्याच्या आधीचा महिना हाताशी हवा. त्या महिन्यात दारोदार फिरून कोणाचे कोणते काम अडले आहे याची यादी करावी लागेल, आणि इथेच आपल्या संघासारख्या संस्थेचा खरा उपयोग आहे, कारण आपल्या सभासदांपाशी वेळ आहे आणि त्यांना लोकांच्या घरात प्रवेश आहे. अशी यादी केली की दिसून येते की बहुतेकांना योजना ठाऊक नाही असे नसते. त्यांचे घोडे एखाद्या किरकोळ कागदापाशी अडलेले असते. उदाहरणार्थ, ७० वर्षे व त्यावरील प्रत्येकासाठी उत्पन्नाची अट नसलेले आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले असून त्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. हे जवळजवळ सर्वांनी ऐकलेले असते. प्रत्यक्ष नोंदणीच्या वेळी मात्र आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक दहा वर्षांपूर्वीच बंद पडला असल्याचे उघड होते किंवा झिजलेल्या बोटांचे ठसे जुळत नाहीत. त्यामुळे कार्डाच्या टेबलाआधी आधार दुरुस्तीचे टेबल हवे, आणि ते मेळाव्याच्या दिवशी नव्हे, दोन-तीन आठवडे आधी हवे. निवृत्तीनंतर केंद्र सरकारी आरोग्य योजनेचा किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ घेणाऱ्यांना ती योजना आणि हे कार्ड यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. हेही आधीच सांगून ठेवावे, नाहीतर टेबलावरच वाद सुरू होतात.

वस्तीतील वृद्धांच्या बाबतीत अडचण निराळी असते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेसाठी वयाची ६५ वर्षे पूर्ण असावी लागतात, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो आणि राज्यात किमान १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. भाड्याच्या खोल्या बदलत आयुष्य गेलेल्या बाईने हे वास्तव्य कोणत्या कागदावर दाखवावे, हा खरा प्रश्न आहे आणि कोणत्याही पत्रकात त्याचे उत्तर नसते. सेतू केंद्रातील अनुभवी माणूस किंवा तलाठी (२०२४ पासून पदनाम बदलून ते ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत, लोकांच्या तोंडी मात्र तलाठीच आहे) अशा बाईशेजारी दहा मिनिटे बसला, तर पर्यायी पुरावा कोणता चालेल ते लगेच सांगू शकतो. त्या दहा मिनिटांची किंमत प्रमुख पाहुण्यांच्या भाषणापेक्षा जास्त आहे, असे मी नम्रपणे सुचवतो.

काही कामे मेळाव्यात होऊच शकत नाहीत, ही गोष्टही जाहिरातीत लपवू नये. 'दिव्यांग प्रमाणपत्र शिबिर' असा फलक लावला की लोक दुरून रिक्षा करून येतात आणि इथे फक्त ऑनलाइन अर्ज भरला जाईल, तपासणीसाठी रुग्णालयात जावे लागेल, असे ऐकून परत जातात. वैद्यकीय मंडळ प्रत्यक्ष येणार नसेल, तर फलकावर 'दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज भरून मिळेल' एवढेच लिहावे.

आता सोमवारविषयी. काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात नोंदवही माझ्याकडे होती. मी नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक हे तीनच रकाने आखले. महिनाभराने पाठपुरावा करू म्हणून वही उघडली, तेव्हा कोणाचा कोणता कागद कमी पडला होता हे एकाच्याही पुढे लिहिलेले नव्हते, आणि ती वही निव्वळ नावांची यादी होऊन बसली. तेव्हापासून मी पाच रकाने आखतो : काम, कमी असलेला कागद, अर्ज क्रमांक, पुढची तारीख आणि पाठपुरावा करणाऱ्या स्वयंसेवकाचे नाव. एका स्वयंसेवकाकडे दहापेक्षा अधिक घरे देऊ नयेत.

अर्ज क्रमांकाचा आग्रह मी उगाच धरत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित (सरकारने यादीत जाहीर केलेल्या) सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. कार्यालयाने त्या सेवांची यादी, मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो) यांचा फलक लावायचा असतो. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला गेला तर त्याच कार्यालयाच्या प्रथम अपील अधिकाऱ्याकडे, त्यानंतर द्वितीय अपील अधिकाऱ्याकडे आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे दाद मागता येते. कसूर सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हे सारे त्या क्रमांकावर अवलंबून आहे. 'साहेबांनी कागद ठेवून घेतले आहेत' या वाक्यावर अपील करता येत नाही.

स्थानिक गटांनाही अवश्य बोलवा, मात्र बचत गटाला लोणची-पापड विकण्यापुरते बोलवू नका. वस्तीत कोणाकडे म्हातारी एकटी राहते आणि कोणाचे रेशन बंद झाले आहे, हे गटातल्या बायकांना, आशा सेविकेला आणि अंगणवाडी सेविकेला आपल्या संघापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक असते. त्यांना आधीच्या महिन्यातील यादीच्या कामात घ्यावे. लोणची विकली गेली तर आनंदच आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीने रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत घरकाम करणाऱ्या महिलांसाठी ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी) नोंदणी ठेवली होती. मदतीला चार मुले लॅपटॉप घेऊन बसली होती, पण फक्त सहा जणी आल्या. या महिलांना स्वतःच्या भल्याची काळजी नाही, असे आता काही सभासद म्हणू लागले आहेत.
– एक वाचक

उत्तर : रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत त्या महिला कोठे होत्या, याची चौकशी त्या सभासदांनी आपापल्या स्वयंपाकघरात करावी. रविवारी घरी पाहुणे असतात, भांडी दुप्पट पडतात आणि सुट्टी मागण्याची सोय नसते. त्यांना मोकळा वेळ मिळतो तो साधारण दुपारी अडीच ते साडेचारच्या दरम्यान, दोन कामांच्या मध्ये, आणि तोही जिन्यात डबा खाण्यात जातो. नोंदणी त्या वेळेत, आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि प्रवेशद्वारापाशी ठेवा. १६ ते ५९ या वयोगटाची अट आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो ही माहिती आदल्या दिवशी तोंडी द्या, कारण सूचना फलकावरचा कागद त्यांच्यासाठी लावलेला आहे असे त्यांना सहसा वाटत नाही.

प्रश्न : आमच्या मेळाव्याचा मंडप आणि जेवणाचा खर्च एक स्थानिक पुढारी उचलणार आहेत. त्यांची अट एवढीच आहे की कमानीवर त्यांचे छायाचित्र हवे. काय करावे?
– एक कार्यकर्ती

उत्तर : जेवण नको म्हणावे आणि चहावर भागवावे. एका पक्षाची कमान दिसली की दुसऱ्या पक्षाची घरे येत नाहीत, आणि दरम्यान निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली तर सरकारी कर्मचारीही येऊ शकणार नाहीत. शाळेचे किंवा देवळाचे सभागृह बहुधा विनामूल्य मिळते. पुढाऱ्यांना रुसवू नये. त्यांना इतर नागरिकांप्रमाणेच येण्याचे निमंत्रण जरूर द्यावे.

प्रश्न : माझी आई ८२ वर्षांची असून दोन वर्षांपासून अंथरुणावर आहे. आमच्या भागात असे मेळावे होतात, पण तिला तिथे नेणे अशक्य आहे. तिच्यासारख्यांनी काय करायचे?
– एक वाचक

उत्तर : मेळावा तिच्यापर्यंत यायला हवा, आणि निदान काही सेवा खरोखरच घरी येतात. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीचा डिजिटल दाखला पोस्टमन घरी येऊन काढून देतो आणि त्याचे शुल्क ७० रुपये आहे. सत्तरीपुढील व आजारी ग्राहकांना बँकेने घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना कळवले आहे. शाखेत लेखी मागणी करून पोच घ्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत चालू असतो.

आपल्या भागातील आयोजकांना एक विनंती अवश्य करा. मेळाव्याच्या दिवशी टेबलावरील एक कर्मचारी आणि एक स्वयंसेवक यांनी दुपारी दोन तास अशा घरांना भेट द्यावी. आपल्या आईसारख्यांची नावे त्यांना आपणच आधी द्या, आणि भेटीच्या वेळी आधार कार्ड व बँकेचे पासबुक उशाशी काढून ठेवा.