टीएफए : तीन फ्लोरीन बसले आणि ॲसिडचा स्वभावच बदलला

ट्रायफ्लोरोॲसेटिक ॲसिड, लॅबच्या भाषेत टीएफए, यावर बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतो.

हे व्हिनेगरमधल्या ॲसेटिक ॲसिडचंच भावंड ना? मग एवढं जहाल कसं?

भावंडच. फक्त मिथाइलमधले (एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन) तीनही हायड्रोजन जाऊन तिथे फ्लोरीन आलेत, पण फ्लोरीन पडला हावरट, इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे प्रोटॉन गेल्यावर उरलेला ऋणभार पसरून जातो आणि मग प्रोटॉन सोडायला याला काहीच वाटत नाही. ॲसेटिकचा पीकेए (प्रोटॉन सोडण्याचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जहाल) ४.७६, याचा ०.२ ते ०.५, म्हणजे ताकद दहा हजारपटीच्याही वर.

रेणू जवळपास दुप्पट जड, तरी ७२ अंशालाच उकळतं?

हो, आणि ॲसेटिक ११८ ला. फ्लोरीनवाले रेणू एकमेकांना फारसे चिकटत नाहीत. झाकण उघडलं की बाटलीच्या तोंडाशी पांढरा धूर दिसतो, पिपेटमध्ये घेतलं तर दाबायच्या आतच थेंब टपकायला लागतात (सवय नसेल तर हमखास सांडतं!). पण पेप्टाइडवाल्यांना (अमिनो ॲसिडच्या साखळ्या जोडणाऱ्यांना) तेच आवडतं, बॉक ग्रुप (जोडणी करताना अमिनो टोकावर बसवलेलं तात्पुरतं झाकण) टीएफएने काढून झाला की उरलेलं टीएफए रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रव उडवणारं यंत्र) उडवून टाकायचं.

कारखान्यात बनवताना फ्लोरीन गॅस सोडतात का?

नाही हो. मुख्य पद्धत विजेची, सायमन्स प्रोसेस. निर्जल एचएफमध्ये (हायड्रोजन फ्लोराइड, पाण्याचा अंशही नसलेलं) ॲसिटाइल क्लोराइड किंवा ॲसेटिक ॲनहायड्राइड टाकून निकेलच्या ॲनोडवर करंट सोडतात, ट्रायफ्लोरोॲसिटाइल फ्लोराइड तयार होतं, कॅथोडवर हायड्रोजन सुटतो. त्या फ्लोराइडला पाणी दाखवलं की टीएफए आणि एचएफ. ऐकायला सोपं, पण निर्जल एचएफ सांभाळणं हीच खरी डोकेदुखी, म्हणून हे घरगुती जुगाडाचं काम अजिबात नाही. हे ॲसिड पहिल्यांदा बनवलं ते बेल्जियमचे रसायनशास्त्रज्ञ स्वार्ट्स यांनी, १९२२ साली.

हातावर उडालं तर एचएफच्या भाजण्यावर लावतात तसं कॅल्शियम ग्लुकोनेट (फ्लोराइडला बांधून ठेवणारं औषध) लावायचं का? आणि पावसात हे सापडतं म्हणतात ते खरं?

एचएफची भीती इथे लागू नाही, कार्बन-फ्लोरीन बंध सहजी तुटत नाही त्यामुळे फ्लोराइड सुटत नाही. पण चटका जबरदस्त बसतो, लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. पावसाचं खरंय. गाड्यांच्या एसीतला एचएफओ-१२३४वायएफ हा थंडावा देणारा गॅस हवेत मोडला की जवळपास सगळाच टीएफए होतो, आणि तो न तुटणारा बंध इथे नडतो, पाण्यात साचतच राहतं. कार्बन फिल्टर याला नीट धरत नाही, आरओ धरतो.