घरी बनवायची मधपेटी : कोपऱ्याला दातेरी सांधा घाला, पेटीला औषध लावू नका

डाळिंबाच्या बागेत आणि कांदा बीजोत्पादनाच्या शेतात परागीभवनासाठी पेट्या ठेवणारे, तसेच सह्याद्रीच्या पट्ट्यात सातेरी मधमाशी पाळणारे अनेक शेतकरी आता विकतच्या पेटीऐवजी स्वतःच्या हाताने किंवा गावच्या सुताराकडून पेटी करून घेत आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र याविषयी कार्यालयाकडे आलेले प्रश्न वाचताना असे दिसते की, लाकूडकामाचा सल्ला सुताराकडून आणि औषधाचा सल्ला दुकानदाराकडून घेतला जातो आणि मधमाशीचा विचार सर्वांत शेवटी होतो. त्यामुळे निवडक प्रश्नांना येथे एकत्रित उत्तरे देत आहे. वसाहतीची तपासणी, राणीमाशीची ओळख, साखरपाक देणे या गोष्टी आपणांस ठाऊक आहेत असे गृहीत धरले आहे.

प्रश्न (भोर तालुका) : सातेरीसाठी फळ्या नुसत्या खिळ्यांनी जोडून पेटी केली होती. पावसाळ्यात कोपरे उघडले, पोळ्यांना मेणकिडा लागला आणि वसाहत निघून गेली. कोपऱ्यातील फट मेण किंवा एम-सील लावून बंद केली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. फट बुजवण्यात वेळ घालवू नका, सांधाच बदला. या तक्रारीचे मूळ मी पाहिलेल्या बहुतेक शेतांत एकच होते. एका फळीचे टोक दुसऱ्या फळीला टेकवून खिळे ठोकले की ते खिळे लाकडाच्या रेषांना समांतर घुसतात, तेथे त्यांची पकड मुळातच कमी असते, आणि फळी पावसात फुगून उन्हात आकसली की ते हळूहळू बाहेर सरकतात. युरोपीय मेलिफेरा माशी अशा बारीक फटी झाडांची राळ आणून बुजवते. आपली सातेरी मात्र राळ वापरत नाही. म्हणजे जी फट तुम्ही ठेवाल ती तशीच राहणार, आणि मेणकिड्याची, म्हणजे पोळी पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाची, मादी नेमक्या अशाच फटीत अंडी घालते. मेणकिड्याने त्रासलेली सातेरी फार दिवस झुंजत नाही, घर सोडून जाते. म्हणून घट्ट कोपऱ्याची गरज मेलिफेरापेक्षा सातेरीला अधिक आहे, हे विशेष ध्यानात घ्यावे.

माझा आग्रह बॉक्स जॉइंटचा, म्हणजे दात आणि खाचांच्या सांध्याचा आहे. दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे दोन फळ्यांचे दात एकमेकांत बसतात. प्रत्येक दाताच्या दोन्ही अंगांना लाकडाची लांब रेष लांब रेषेला चिकटते, तेथे गोंद खरा धरतो, आणि खिळे दोन्ही दिशांनी मारता येत असल्यामुळे कोपरा कोणत्याच बाजूने उघडत नाही. डवटेल सांधा याहून मजबूत असतो हे मान्य, परंतु तो हाताने काढायला वेळ आणि कसब दोन्ही जास्त लागते. पेटीसाठी त्याची आवश्यकता नाही.

दातांचे माप असे ठरवावे. पेटीची उंची 240 मि.मी. असेल तर 20 मि.मी.चे 12 भाग पाडावेत आणि दात, खाच, दात, खाच असे आखावे. भागांची संख्या सम असल्यामुळे एका फळीची सुरुवात दाताने होईल व शेवट खाचेने, तर शेजारच्या फळीचे याच्या उलट होईल. त्यामुळे प्रत्येक फळीवर पेन्सिलीने ‘वर’ असे लिहून ठेवावे, नाहीतर जोडताना एखादी फळी उलटी धरली जाते आणि सांधा चुकला असे वाटून चांगल्या दातांवर पुन्हा करवत चालवली जाते. वरचा पहिला दात नेहमी लांब बाजूच्या फळीला ठेवावा. याचे कारण असे की, फ्रेमचे (पोळे धरणाऱ्या सुट्या लाकडी चौकटीचे) कान, म्हणजे तिच्या वरच्या पट्टीची बाहेर आलेली टोके, टेकवण्याची पायरी पुढच्या व मागच्या आखूड फळ्यांच्या आतल्या वरच्या कडेला काढावी लागते. पायरीची खोली 16 मि.मी. ठेवली, तर लांब फळीचा 20 मि.मी.चा दात तिचे टोक पूर्ण झाकून टाकतो. उलट आखणी केल्यास प्रत्येक कोपऱ्यात वरच्या बाजूला चौकोनी भोक राहते, आणि तेथून मुंग्या थेट फ्रेमपर्यंत पोहोचतात.

करवत रेषेवर नव्हे, तर रेषेच्या खाचेकडील बाजूला चालवावी आणि अर्धी रेष शिल्लक ठेवावी. खाचेचा तळ पटाशीने काढताना एकाच बाजूने आरपार ठोकू नये, कारण दुसऱ्या बाजूचे लाकूड सालपटासारखे निघून येते. दोन्ही तोंडांकडून मध्यापर्यंत यावे. दाताची लांबी फळीच्या जाडीपेक्षा साधारण अर्धा ते एक मि.मी. जास्त ठेवून जोडणीनंतर रंध्याने सपाट करावी. सांधा हाताने अर्धा बसावा आणि लाकडी मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी पूर्ण बसावा, ही योग्य पारख आहे. लोखंडी हातोडीने जोर लावावा लागत असेल तर दात चिरतो आणि गोंद सगळा बाहेर पिळला जातो. गोंद पावसात टिकणारा, वॉटरप्रूफ प्रकारचाच घ्यावा व दातांच्या सर्व बाजूंना पातळ लावावा. क्लॅम्प आवळल्यावर दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. दोहोंत 2 मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर गोंद ओला असतानाच पेटी दाबून काटकोनात आणावी. खिळा मारण्यापूर्वी बारीक भोक पाडावे, विशेषतः वरच्या आणि खालच्या दातात. दुसऱ्या दिवशी अंधारात पेटीच्या आत टॉर्च ठेवून बाहेरून चारही कोपरे पाहावेत. उजेडाची रेघ दिसली तर तो कोपरा सातेरीसाठी नापास समजावा.

प्रश्न (सांगोला तालुका) : डाळिंबासाठी मेलिफेराच्या पेट्या करायच्या आहेत. दुकानात मिळालेल्या फ्रेम सुताराने केलेल्या पेटीत अडकतात. पेटीचे बाहेरचे माप किती ठेवावे?

उत्तर : बाहेरचे माप विचारूच नका. पेटी आतून मोजायची असते. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये ज्या तत्त्वावर सुट्या फ्रेमची पेटी केली ते तत्त्व आजही तसेच आहे : फ्रेम आणि भिंत यांच्यामध्ये माशीला चालण्यापुरती जागा हवी. ही जागा 6 मि.मी.पेक्षा कमी झाली तर मेलिफेरा ती राळेने चिकटवते, 9 मि.मी.पेक्षा जास्त झाली तर तेथे आडवेतिडवे पोळे बांधते, आणि दोन्ही वेळा फ्रेम उचलताना माश्या चिरडतात. मी 8 मि.मी. धरून चालतो.

लँगस्ट्रॉथ फ्रेमची बाहेरची लांबी 448 मि.मी., उंची 232 मि.मी. आणि वरच्या पट्टीची लांबी 482 मि.मी. असते. त्यावरून पेटीची आतली लांबी 465, दहा फ्रेमसाठी आतली रुंदी 370 ते 375 आणि उंची 240 मि.मी.च्या आसपास येते. फळी 22 मि.मी. जाड असेल तर लांब फळी 465 अधिक 44, म्हणजे 509 मि.मी. कापावी. फळी 25 मि.मी.ची मिळाली तर बाहेरचे माप वाढवावे, आतले कमी करू नये. सुतार नेमकी हीच गल्लत करतो. कान टेकवण्याची पायरी 10 मि.मी. रुंद ठेवावी, म्हणजे वरच्या पट्टीला दोन्ही टोकांस दीड-दीड मि.मी. मोकळीक मिळते. सातेरीच्या भारतीय मानक ‘ए’ प्रकारात फ्रेमचा आतला भाग 210 × 145 मि.मी. असतो आणि दोन पोळ्यांच्या मध्यांतील अंतर 30 ते 32 मि.मी. असते, तर मेलिफेरात ते 35 मि.मी. असते. मेलिफेराच्या अंतरावर सातेरीच्या फ्रेम लावण्याचा सल्ला काही विक्रेते देतात, कारण त्यांच्याकडे तोच माल पडून असतो. तो सल्ला मानू नये.

आधी फ्रेम, मग पेटी, हा क्रम मोडू नका. प्रमाणित मापाची एक फ्रेम महाबळेश्वरच्या मध संचालनालयातून किंवा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेतून नमुना म्हणून आणावी, ती सुताराच्या हातात द्यावी आणि सर्व पेट्या तिच्यावरूनच कराव्यात. दोन दुकानांतून दोन प्रकारच्या फ्रेम आणणे म्हणजे दर हंगामात भांडण विकत घेणे आहे.

प्रश्न (जावळी तालुका) : पेटीला वाळवी लागते. कृषी सेवा केंद्रात क्लोरपायरीफॉसचा हात मारायला सांगितले. गावात काही जण जळके ऑइल लावतात. प्रमाण किती घ्यावे?

उत्तर : प्रमाण शून्य. हे पुन्हा लिहितो : क्लोरपायरीफॉस मधपेटीला आतून लावायचे नाही, बाहेरून लावायचे नाही, थोडे लावायचे नाही आणि पातळ करूनही लावायचे नाही. हे कीटकनाशक मधमाशीसाठी अत्यंत विषारी आहे. ते लाकडात मुरते, मेणात उतरते, आणि तुम्ही बाटली फेकून दिल्यानंतरही पेटीत राहते. घराच्या पायाला वाळवीसाठी जे औषध चालते ते मधपेटीलाही चालेल, असा हिशेब दुकानदार करतो, कारण त्याच्या दृष्टीने दोन्हीकडे वाळवीच आहे. ‘थोडे जास्तच लावा, परत लागणार नाही’ हे वाक्य ऐकले की दुकानातून बाहेर पडावे. जळके ऑइलही तितकेच वर्ज्य आहे, त्यात इंजिनातील धातू आणि जळलेली घाण असते व त्याचा वास मधाला लागतो. मेणकिड्यासाठी डांबरगोळ्या ठेवण्याचा सल्लाही तशाच प्रकारचा आहे. त्या मेणात आणि मधात उतरतात. पेटीत डांबरगोळी ठेवू नका, रिकाम्या पोळ्यांच्या साठवणीतही ठेवू नका. मेणकिड्यावर उपाय म्हणजे घट्ट सांधा, भरलेली वसाहत आणि काळी पडलेली रिकामी पोळी वेळीच काढून वितळवणे.

वाळवीसाठी पेटी जमिनीवर किंवा दगडावर ठेवू नये. लोखंडी स्टँडवर, जमिनीपासून एक ते दीड फूट उंच ठेवावी, स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, आणि पेटीला टेकणारे गवत दर आठवड्याला कापावे. एवढ्याने वाळवी आणि मुंग्या दोन्ही थांबतात.

लाकूड पावसापासून राखण्यासाठी फक्त बाहेरच्या बाजूला पांढऱ्या किंवा फिकट ऑइल पेंटचे दोन पातळ हात द्यावेत, अथवा कच्चे जवसाचे तेल लावावे. आतली बाजू आणि पेटीच्या एका कोठीवर (मजल्यावर) दुसरी कोठी टेकते त्या कडा कोऱ्याच ठेवाव्यात. जाड थर दिल्याने पेटी अधिक टिकते ही समजूत चुकीची आहे. जाड थराखाली ओल अडकते आणि रंग पापुद्रे धरून निघतो. रंगवलेली पेटी किमान तीन आठवडे सावलीत उघडी ठेवून वास पूर्ण गेल्यावरच वापरावी. आज रंग आणि उद्या वसाहत, असे कदापि करू नये. जवसाच्या तेलात भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप पेट घेतात. बाहेर पसरून वाळवावेत.

प्रश्न (निफाड तालुका) : यंत्रांच्या पॅकिंगचे लाकूड स्वस्त मिळते. प्लायवूडही सुचवले जाते. कोणते घ्यावे?

उत्तर : पॅकिंगच्या फळीवरील शिक्का पाहावा. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घेऊ नये. शिक्काच नसेल किंवा तेलाचे डाग असतील तर तेही घेऊ नये. हिरवट झाक असलेले, रसायनात मुरवलेले लाकूडही टाळावे. साध्या प्लायवूडचे थर पावसात सुटतात आणि त्यात दात काढताना कडा तुटतात. साग उत्तम, परंतु महाग व जड. शिवण आणि तून हलके असून टिकतात. आंब्याचे लाकूड स्वस्त असले तरी त्याला भुंगेरे लवकर लागतात.

लाकडाच्या जातीपेक्षाही वाळवणे महत्त्वाचे आहे. वखारीतून आलेली फळी लगेच कापली तर दात आज घट्ट बसतील आणि मार्चमध्ये खुळखुळतील. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत हवेशीर थप्पी लावावी, एका फळीवर खूण करून दर आठवड्याला तिचे वजन करावे, आणि वजन घटायचे थांबले की मगच काम सुरू करावे. भर पावसाळ्यात सांधे कापू नयेत. जोडताना फळीची गाभ्याकडची बाजू बाहेर ठेवावी. फळी आकसताना सालीकडच्या बाजूने खोलगट होते, ती बाजू आत असली तर वरची व खालची कड आतल्या बाजूला दबते आणि कोपरा उघडत नाही.

प्रश्न (भोर व जावळी तालुक्यांतील अनेकांचा) : घरच्या पेटीला अनुदान मिळते का, आणि वसाहत केव्हा आणावी?

उत्तर : खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत 50 टक्के अनुदान व 50 टक्के स्वगुंतवणूक असते आणि प्रशिक्षण आवश्यक असते. घरी बनवलेली पेटी त्यात धरली जाईल असे गृहीत धरू नये, लाकूड घेण्याआधी जिल्हा कार्यालयात लेखी विचारावे.

वसाहतीच्या वेळेबाबत मात्र स्पष्ट सांगतो. जून-जुलैमध्ये ‘पेटीसोबत वसाहत स्वस्तात’ अशी जाहिरात करणाऱ्यांकडून वसाहत घेऊ नये. पावसाळा हा सह्याद्रीत माशीच्या खाद्याच्या टंचाईचा काळ असतो, त्या वेळी आणलेली वसाहत साखरपाकावर जगवावी लागते आणि नव्या घरात बहुधा थांबत नाही. उन्हाळ्याआधी पेट्या तयार ठेवाव्यात, वसाहत पावसाळा सरल्यावर फुलोरा सुरू झाला की भरावी, म्हणजे जांभूळ आणि हिरडा फुलेपर्यंत ती जोमात येते. डाळिंब किंवा कांदा बियाण्यासाठी पेटी शेतात नेताना पाच ते दहा टक्के फुले उमललेली असावीत. त्याआधी नेल्यास माशी दुसरीकडच्या फुलांची वाट धरते, आणि एकदा धरलेली वाट ती लवकर सोडत नाही.